व्हिसा नाकारला गेला: भरलेल्या पैशांपैकी काय परत मिळतं आणि ते कसं मागायचं

व्हिसाच्या अर्जात कुठेतरी एक ओळ असतेच: शुल्क परत केलं जाणार नाही. नकार हातात पडला की बहुतेक जण ही ओळ आठवतात आणि सगळ्याच पैशांवर पाणी सोडतात. ओळ खरी आहे, पण ती एकाच पावतीबद्दल असते. एका अर्जामागे पावत्या मात्र सहा-सात, कधी दहाही असतात: दूतावासाचं शुल्क, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क, आरोग्य अधिभार, कॉलेजची अनामत, विमा, तिकीट, एजंट. प्रत्येकाचा नियम वेगळा, मागायची जागा वेगळी आणि मुदतही वेगळी.

पावती हातात घेतली की एकच प्रश्न विचारायचा. हे पैसे अर्ज तपासण्यासाठी घेतले होते, की व्हिसा मिळाल्यावर वापरायच्या गोष्टीसाठी? तपासणीचे पैसे तपासणी झाली की संपतात, निकाल काहीही लागो. पण व्हिसा मिळाला असता तरच ज्याचा उपयोग होता, म्हणजे तिथली आरोग्यसेवा, तिथे स्थायिक होण्याचा हक्क, तिथलं शिक्षण, त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी परत मिळतात. दरवेळी आपोआप नाही, मागावे लागतात.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचं उदाहरण घेऊ. एप्रिल २०२५ च्या दरानं अर्जाचं शुल्क ५२४ पौंड. त्याशिवाय तिथली आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार, विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणून हिशेब दीड वर्षाचा होतो: १,१६४ पौंड. नकार आला तर ५२४ गेले, पण १,१६४ पूर्णच्या पूर्ण परत. गेलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त पैसे परत यायचे असतात आणि माणूस ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द वाचून गप्प बसलेला असतो.

आधी पत्र नीट वाचा: नक्की काय झालंय?

मराठीत आपण सरसकट ‘नाकारला’ म्हणतो. कार्यालयाच्या भाषेत दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात आणि परतावा त्यांवरच ठरतो. अर्ज तपासून व्हिसा द्यायला नकार दिला, तर तो ‘रिफ्यूज्ड’. अर्जच अपुरा किंवा अवैध म्हणून तपासायला घेतला नाही, तर तो ‘रिजेक्टेड’, ‘रिटर्न्ड’ किंवा ‘इनव्हॅलिड’. दुसऱ्या प्रकारात तपासणी झालेलीच नसते, त्यामुळे शुल्क परत मिळण्याचा रस्ता उघडा राहतो.

शेंगेन देशांच्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, व्हिसा संहितेत कलम १९ याचसाठी आहे. अर्ज ठरलेल्या काळात दिलेला नाही, फॉर्मवर सही नाही, फोटो नाही, पासपोर्ट निकषात बसत नाही, अशा कारणांनी अर्ज दाखल करून घेण्याजोगाच ठरला नाही, तर वाणिज्य दूतावासानं कागद परत करायचे, बोटांचे ठसे नष्ट करायचे आणि व्हिसाशुल्क परत द्यायचं. ब्रिटनमध्ये अवैध ठरलेल्या अर्जाचं शुल्क माणशी २५ पौंड कापून परत करतात. कॅनडाही अपुरा म्हणून परत पाठवलेल्या अर्जाचं प्रक्रियाशुल्क परत देतो.

इथे एका शब्दानं गोंधळ होतो: ‘इनॲडमिसिबल’. शेंगेनच्या पत्रात तो अर्जाला लावलेला असेल, तर अर्ज दाखल झाला नाही आणि पैसे परत मिळतील, असा अर्थ होतो. कॅनडाच्या पत्रात तोच शब्द माणसाला लावलेला असतो. तुम्हाला देशात प्रवेश देण्याजोगं मानलेलं नाही, असा त्याचा अर्थ. ती गोष्ट गंभीर आहे, तिथे परताव्याआधी वकिलाचा विचार करा.

अमेरिकेच्या मुलाखतीनंतर हातात येणाऱ्या कागदावर कायद्याचं कलम २१४(बी) आहे की २२१(जी), तेही बघा. २१४(बी) म्हणजे नकार. पुन्हा प्रयत्न करायचा तर नवा अर्ज, नवं शुल्क. २२१(जी) हाही कागदोपत्री नकारच, पण प्रकरण बंद झालेलं नसतं. कागद कमी आहेत किंवा चौकशी बाकी आहे. मागितलेले कागद एका वर्षाच्या आत दिले तर पुन्हा शुल्क भरावं लागत नाही. घाबरून नवा अर्ज भरून दुसऱ्यांदा पैसे भरणारे बरेच असतात. ते पैसे मात्र खरोखर वाया जातात.

मूळ व्हिसाशुल्क

तपासून नाकारलेल्या अर्जाचं मूळ शुल्क जवळजवळ कुठेच परत मिळत नाही. अमेरिकेचं पर्यटक आणि विद्यार्थी व्हिसाचं १८५ डॉलर, शेंगेनचं ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी असलेलं ९० युरो, ऑस्ट्रेलियाचं विद्यार्थी व्हिसाचं १ जुलै २०२५ पासूनचं २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, कॅनडाचं प्रक्रियाशुल्क, ही सगळी याच खात्यातली. यासाठी विनंतीपत्रं लिहीत बसू नका. अधिकाऱ्याच्या मनात दया आली तरी त्याला तो अधिकार नसतो. जपान याला सुखद अपवाद आहे. तिथे व्हिसाशुल्क व्हिसा देतानाच घेतात, त्यामुळे नकार आला तर दूतावासाचं शुल्क लागतच नाही. जे गेलं ते एजन्सीचं सेवाशुल्क.

तरी मूळ शुल्कासाठीही दावा करता येतो अशा काही परिस्थिती आहेत.

एक, पैसे दोनदा गेले. पेमेंट करताना पान अडकलं, पुन्हा बटण दाबलं, स्टेटमेंटवर दोन नोंदी आल्या. दोन्ही व्यवहारांचे संदर्भ क्रमांक आणि अर्जाचा एकच क्रमांक दाखवून जास्तीची रक्कम मागता येते. आधी चार-पाच दिवस थांबून बघा. पुष्कळदा दुसरी नोंद ‘पेंडिंग’ असते आणि आपोआप गळून जाते.

दोन, निकालाआधी अर्ज मागे घेतला. ब्रिटनमध्ये अर्जाचं काम सुरू होण्याआधी, व्यवहारात केंद्रावर ठसे देण्याआधी, मागे घेतला तर शुल्क मिळतं. कॅनडातही प्रक्रिया सुरू होण्याआधी मागे घेतला तरच प्रक्रियाशुल्क परत येतं. नकाराचं पत्र आल्यावर हा रस्ता बंद. पण घरातल्या दुसऱ्या कुणाचा त्याच कारणानं नाकारला जाईल असा अर्ज ठसे द्यायच्या आधीच्या टप्प्यावर असेल, तर त्याच दिवशी निर्णय घ्या.

तीन, अर्जाची गरजच नव्हती किंवा कार्यालयाच्या चुकीमुळे तो करावा लागला. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत या दोन्ही कारणांसाठी परताव्याची तरतूद आहे आणि त्यासाठी १४२४ क्रमांकाचा फॉर्म असतो. ‘मला वाटलं व्हिसा मिळेल’ हे कारण त्यात बसत नाही. चूक त्यांच्याकडून झाल्याचा कागद लागतो: त्यांचा ईमेल, त्यांच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट.

जे परत येतं

ब्रिटनचा आरोग्य अधिभार सगळ्यात मोठा. मोठ्यांसाठी ६ फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी ७७६. पाच वर्षांच्या व्हिसासाठी चार जणांच्या कुटुंबानं भरलेली रक्कम मांडून बघा, म्हणजे हे प्रकरण केवढं आहे ते कळेल. नकार आला, अर्ज मागे घेतला किंवा चुकून दोनदा भरला, तर पूर्ण परत. मागितल्यापेक्षा कमी काळाचा व्हिसा मिळाला, तर फरकाची रक्कम परत. व्हिसा मिळूनही गेलाच नाहीत, तर काही नाही. नकारानंतर परतावा आपोआप निघतो, साधारण सहा आठवड्यांत. फेरतपासणीची विनंती किंवा अपील केलं असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत वेळ लागतो.

कॅनडाच्या कायम निवासाच्या अर्जात दोन रकमा एकाच पावतीवर असतात: प्रक्रियाशुल्क आणि कायम निवासाचा हक्क मिळवण्याचं शुल्क. पहिलं जातं, दुसरं नकारानंतर परत येतं. वर्क परमिटमध्ये मालकानं भरलेलं २३० कॅनेडियन डॉलरचं अनुपालन शुल्कही परमिट नाकारल्यास परत होतं, पण ते मालकाला. ते तुमच्या पगारातून कापलं असेल किंवा तुमच्याकडून रोख घेतलं असेल, तर तो वेगळाच विषय आहे. ते शुल्क कामगारानं भरायचंच नसतं. बायोमेट्रिकचे ८५ डॉलर परत मिळत नाहीत, मात्र दिलेले ठसे दहा वर्षं चालतात. पुढच्या वेळी एजंटानं ही रक्कम यादीत पुन्हा लावली, तर का ते विचारा.

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसात सेव्हिसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी प्रणालीचं, शुल्क वेगळं असतं, एफ आणि एम या विद्यार्थी प्रकारांना ३५० डॉलर. ते परत मिळत नाही, पण मरतही नाही. नकारानंतर बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला, तर तेच शुल्क चालतं. कॉलेज बदलून नवा आय-२०, म्हणजे कॉलेजनं दिलेला प्रवेशाचा फॉर्म, आला, तर जुनं पेमेंट नव्या सेव्हिस क्रमांकावर वळवून घ्यायचं. बारा महिने मोजायचे ते पहिल्या नकारापासून.

ऑस्ट्रेलियात काही व्हिसांचं शुल्क दोन हप्त्यांत असतं. दुसरा हप्ता व्हिसा देण्याची वेळ जवळ आल्यावर मागतात. तो भरल्यानंतरही नकार आला, तर दुसरा हप्ता परत मिळतो, पहिला नाही. अमेरिकेचा इस्टा, म्हणजे व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांना घ्यावी लागणारी ऑनलाइन परवानगी, हासुद्धा याच तत्त्वावर चालतो. परवानगी नाकारली तर पूर्ण रक्कम कापली जात नाही, प्रक्रियेचा छोटा हिस्साच जातो.

पैसे कुणाच्या खात्यात जातात?

परतावा अडकतो तो बहुतेक इथेच. सरकारी परतावा अर्जदाराला मिळत नाही. ज्या कार्डावरून किंवा खात्यातून पैसे आले, तिथेच परत जातो. एजंटानं स्वतःच्या कार्डावरून भरले असतील, तर १,१६४ पौंड शांतपणे एजंटाच्या कार्डावर जमा होतात. नकारानंतर ‘सरकारनं काहीच परत दिलं नाही’ असं सांगणारा एजंट खोटंच बोलत असेल असं नाही. त्यानं स्टेटमेंट बघितलंच नसेल. बघायला लावा. व्यवहाराची तारीख, रक्कम आणि अधिभाराचा संदर्भ क्रमांक लिहून द्या आणि त्या कार्डाचं पुढच्या दोन महिन्यांचं स्टेटमेंट मागा.

कार्ड बंद झालं असेल किंवा बदललं असेल, तर आधी बँकेला विचारा. त्याच खात्याला जोडलेलं नवं कार्ड असेल तर बँक बहुधा रक्कम त्या खात्यात वळवते. खातंच बंद असेल तर पैसे पाठवणाऱ्याकडे परत जातात, आणि मग पत्रव्यवहाराशिवाय इलाज नसतो. म्हणून निकाल येईपर्यंत पैसे भरलेलं कार्ड बंद करू नये. प्रीपेड फॉरेक्स कार्डाचंही तसंच. ते रिकामं करून सरेंडर करायची घाई नको.

रकमेत थोडा फरक दिसेल. परतावा मूळ चलनात येतो आणि तुमची बँक त्या दिवसाच्या दरानं बदलून देते. खरेदीचा दर एक, विक्रीचा दुसरा. शिवाय भरताना बँकेनं लावलेला परकीय व्यवहाराचा आकार सहसा परत मिळत नाही. ‘पौंड पूर्ण आले का?’ एवढंच तपासा.

केंद्रातले खर्च

अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं असतं. शेंगेनच्या नियमानुसार ते व्हिसाशुल्काच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. अर्ज घेतला, ठसे घेतले, पासपोर्ट परत दिला, म्हणजे सेवा झाली. हे पैसे गेले. कुरिअरचंही तेच, कारण नाकारलेला पासपोर्टही कुरिअरनंच घरी आला.

भांडता येतं ते न मिळालेल्या सेवेसाठी. प्रायॉरिटीचे, म्हणजे लवकर निकालाच्या सेवेचे, पैसे भरले आणि निकाल ठरलेल्या दिवसांनंतर आला, तर मागा. नकार आला म्हणून प्रायॉरिटीचे पैसे मागू नका. लवकर नकार देणं हीसुद्धा लवकर दिलेली सेवाच मानतात. दिवस मोजताना कामाचे दिवस मोजा, दूतावासाच्या सुट्ट्या वगळा आणि मोजणी कुठून सुरू होते ते त्या सेवेच्या अटींत बघा. फॉर्म भरून देणं, लाउंज, एसएमएस अशा जोडसेवा न मागता पावतीवर लागल्या असतील, तर त्याची तक्रार केंद्रावर असतानाच करायची असते. आठवड्यानंतर ‘मी मागितलं नव्हतं’ हे सिद्ध करता येत नाही.

कॉलेज, बँक, विमा, तिकीट

रक्कम इथे सगळ्यात मोठी असते आणि नियम सगळ्यात स्पष्ट. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठी कायदाच आहे. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी व्हिसा नाकारला गेला, तर संस्थेनं मिळालेल्या फीतून फीच्या ५ टक्के किंवा ५०० डॉलर, यांपैकी जी रक्कम कमी ती कापून बाकी परत द्यायची, चार आठवड्यांत. बारा हजार भरले असतील, तर ५ टक्के होतात ६००, म्हणून कापायचे ५०० आणि परत ११,५००. आठ हजार भरले असतील, तर कापायचे ४०० आणि परत ७,६००. संस्थेनं याहून जास्त कापलं तर हा हिशेब ईमेलमध्ये मांडून फरक मागा. तिथला विद्यार्थी आरोग्य विमा वेगळ्या कंपनीकडून घेतलेला असतो; त्याचा परतावा त्या कंपनीकडे मागायचा, कॉलेजकडे नाही.

ब्रिटनमध्ये प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं धोरण असतं. व्हिसा नाकारल्यास अनामत परत देण्याची पद्धत सर्रास आहे, पण दोन अटींकडे लक्ष ठेवा. खोटे किंवा बदललेले कागद दिल्यामुळे नकार आला असेल, तर अनामत जाते. आणि नकारपत्र ठरलेल्या मुदतीत, सगळ्या पानांसह पाठवावं लागतं. फक्त पहिलं पान पाठवलं की फाइल परत येते, कारण नकाराचं कारण आतल्या पानावर असतं. पैसे काकांच्या खात्यातून गेले असतील तर काकांच्याच खात्यात परत जातील. आर्थिक गैरव्यवहार रोखण्याच्या नियमांमुळे विद्यापीठं त्यात सहसा सवलत देत नाहीत.

कॅनडासाठी बँकेत ठेवलेली जीआयसी ही ठेव आणि जर्मनीसाठीचं ब्लॉक्ड अकाउंट, दोन्ही राहण्याच्या खर्चाचा पुरावा म्हणून अडकवून ठेवलेले पैसे; त्यांतली मूळ रक्कम तुमचीच असते. नकारपत्र आणि बँकेचा फॉर्म दिला की ती परत मिळते. बँक किंवा सेवा देणारी कंपनी खातं उघडायचा खर्च आणि पाठवणीचा आकार कापते. जर्मनीत सप्टेंबर २०२४ पासून वर्षाची रक्कम ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२ या हिशेबानं. पण लगेच पुन्हा अर्ज करायचा असेल, तर खातं बंद करू नका. नव्यानं उघडून पैसे पाठवताना तोच खर्च दुसऱ्यांदा होतो.

प्रवासविम्याचा हप्ता परत मिळतो की नाही ते एका तारखेवर ठरतं: पॉलिसी सुरू होण्याची तारीख. त्याआधी नकारपत्र पाठवून पॉलिसी रद्द केली, तर बऱ्याच कंपन्या हप्ता परत देतात, थोडी कापाकापी करून. तारीख उलटली की जोखीम सुरू झाली असं धरतात आणि विषय संपतो. निकालाला उशीर होतोय आणि प्रवासाची तारीख परवावर आली आहे, असं दिसलं तर कंपनीकडून पॉलिसीची तारीख पुढे ढकलून घ्या. हे एका ईमेलनं होतं.

तिकिटाच्या बाबतीत एकच चूक महागात पडते: विमान उडेपर्यंत काहीच न करणं. ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही विमानतळाचे काही कर वेगळे लिहिलेले असतात आणि न केलेल्या प्रवासाचे ते कर पुष्कळदा परत मिळतात. उड्डाणाआधी रद्द करा, मग करांचा परतावा स्वतंत्रपणे मागा. काही कंपन्या नकारपत्र दाखवल्यावर दंड माफ करतात किंवा तारीख बदलून देतात. ते त्या भाड्याच्या अटींत लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी मात्र तिकीट काढायच्या आधी आरक्षण दाखवून अर्ज करा.

वैद्यकीय तपासणी, क्षयरोग चाचणी, भाषेची परीक्षा, भाषांतर, नोटरी: सेवा मिळाली, पैसे संपले. यामागे वेळ घालवू नका. अहवालांच्या वैधतेच्या तारखा तेवढ्या लिहून ठेवा, दुसऱ्या अर्जात ते वापरता येतील.

एजंटाकडून

एजंटाशी बोलताना आधी रक्कम दोन भागांत फोडा. सरकारला गेलेले पैसे आणि त्याची स्वतःची फी. पहिल्या भागाच्या अधिकृत पावत्या मागा. त्याच्या लेटरहेडवरचा हिशेब म्हणजे पावती नव्हे. अर्ज भरलाच नाही आणि शुल्काचे पैसे घेतले, असा प्रकार नेमका इथे उघडा पडतो. दूतावासाच्या प्रणालीत अर्जाचा क्रमांक नसेल, तर शुल्कही भरलेलं नसतं.

दुसऱ्या भागासाठी करार बघा. ‘व्हिसा मिळाल्यावरच फी’ असं लिहिलेलं असेल तर प्रश्न नाही. ‘सल्ला आणि कागदपत्रं तयार करण्याची फी’ असं असेल, तर नकार आला म्हणून ती परत मिळणं अवघड. पण नकार त्याच्या चुकीनं आला असेल तर गोष्ट बदलते: चुकीच्या प्रकारात अर्ज, तुम्ही दिलेलं बँक स्टेटमेंट जोडलंच नाही, जन्मतारीख चुकली. त्यासाठी त्यानं भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत मागा आणि तुम्ही त्याला पाठवलेल्या फाइलींच्या तारखा शेजारी ठेवा. त्यानं तुमच्या नावानं खोटा कागद लावला असल्याचं आढळलं, तर फीपेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. ते लेखी कळवून ठेवा, कारण पुढच्या अर्जात खुलासा तुम्हालाच करायचा आहे.

परदेशातल्या सल्लागारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्था आहेत. कॅनडात इमिग्रेशन सल्लागारांचं कॉलेज, ऑस्ट्रेलियात स्थलांतर एजंटांचं नोंदणी कार्यालय, ब्रिटनमध्ये इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी. नोंदणी क्रमांक असेल तर तक्रार तिथे जाते. क्रमांकच नसेल तर तुमच्या देशातल्या ग्राहक कायद्याचा आधार घ्या.

मागणीचं पत्र

एका पत्रात एकच रक्कम. सात पावत्या एका ईमेलमध्ये घातल्या की तो ईमेल कुणाचाच राहत नाही. पत्र बहुतेक वेळा इंग्रजीतच पाठवावं लागतं, पण सांगाडा असा ठेवा:

‘विषय: परताव्याची मागणी, अर्ज क्रमांक अमुक. मी तमुक तारखेला या अर्जासाठी इतकी रक्कम, या कारणासाठी, या संदर्भ क्रमांकानं भरली. अमुक तारखेच्या पत्रानं व्हिसा नाकारण्यात आला. आपल्या अमुक अटीनुसार ही रक्कम परत करण्याजोगी आहे. ती मूळ पेमेंटच्या कार्डावर (शेवटचे चार अंक हे) जमा करावी. सोबत नकारपत्र, पावती आणि स्टेटमेंटची संबंधित ओळ जोडली आहे.’

व्हिसा का मिळायला हवा होता, घरची परिस्थिती, अधिकाऱ्याचं वागणं, यातलं काहीही या पत्रात नको. परतावा देणारा विभाग व्हिसा देणारा नसतो. त्याला पाच गोष्टी लागतात: कोण, किती, कधी, कोणत्या अटीनं, कुठे पाठवायचे. क्रमांक नेमका लिहा. ब्रिटनला जीडब्ल्यूएफ किंवा यूएएन, शिवाय अधिभाराचा आयएचएस क्रमांक, कॅनडाला यूसीआय आणि अर्ज क्रमांक, ऑस्ट्रेलियाला टीआरएन. कुटुंबाचा अर्ज असेल तर माणशी वेगळा क्रमांक, वेगळी रक्कम. पूर्ण कार्ड क्रमांक आणि सीव्हीव्ही कुठल्याही ईमेलमध्ये लिहू नका, कुणी मागितला तरी.

सांगितलेली मुदत संपल्यावर एक आठवडा जाऊ द्या, मग त्याच ईमेलला उत्तर म्हणून विचारणा करा. नवा ईमेल, नवा विषय, नवी तक्रार काढली की रांगेत पुन्हा शेवटी.

अपील करायचं असेल तर

परतावा आणि अपील यांत आधी अपिलाची मुदत बघा, कारण ती कमी असते. ब्रिटनमध्ये बाहेरून केलेल्या अर्जाच्या फेरतपासणीसाठी २८ दिवस आणि ८० पौंड. सगळ्या व्हिसांना ही सोय नसते, पर्यटक व्हिसाला नाहीच. जर्मनीनं दूतावासाकडे फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता नवा अर्ज किंवा थेट न्यायालय. ऑस्ट्रेलियात १४ ऑक्टोबर २०२४ पासून अशी प्रकरणं नव्या प्रशासकीय पुनरावलोकन न्यायाधिकरणाकडे जातात. अपील चालू असताना कॉलेजची अनामत मागितली, तर प्रवेश रद्द होऊ शकतो आणि अपिलाचा आधारच निघून जातो. आधी ठरवा, मग मागा.

कार्डाचा वाद आणि भामटे

बँकेकडे व्यवहारावर वाद नोंदवून पैसे परत मिळवण्याची, म्हणजे चार्जबॅकची सोय कार्डावर असते, साधारण १२० दिवसांच्या आत. ती कामाची आहे ती खोट्या संकेतस्थळांसाठी, सेवा न देणाऱ्या एजंटांसाठी आणि दुहेरी व्यवहारांसाठी. सरकारी व्हिसाशुल्कावर ती वापरू नका. अर्ज तपासून झालेला असतो, कार्यालय ते पुराव्यासह दाखवतं, तुम्ही हरता. वर शुल्क बुडवल्याची नोंद राहिली तर पुढच्या अर्जात तीच आडवी येते.

नकारानंतरच्या आठवड्यांत एखादा फोन येऊ शकतो: ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, तो सोडवायला थोडी रक्कम भरा’, किंवा ‘कार्डावर आलेला ओटीपी सांगा’. खऱ्या परताव्याला ना शुल्क लागतं ना ओटीपी. तो कधी जमा झाला, हे स्टेटमेंट बघितल्यावरच कळतं.